रेघ नसलेली पत्रं

ऑक्टोबर अर्धा सरला की आमची शाळा कुजबुजायला लागते. बारावीच्या परीक्षा सुरू होतात, मोठ्या हॉलच्या दाराशी एका खुर्चीवर 'शांतता, परीक्षा चालू आहे' असा बोर्ड टेकवून ठेवला जातो आणि मग त्या पॅसेजमधून जाणारा प्रत्येक जण चोरपावलांनी ये-जा करू लागतो. गवत कापायला येणारा माणूससुद्धा मशीन बंद करून ढकलत नेतो. माझा वर्ग हॉलला लागूनच आहे, मधे फक्त एक पातळ भिंत. त्यामुळे ते तीन-चार आठवडे मी इतिहास कुजबुजत शिकवते. साम्राज्यं कुजबुजत उभी राहतात, कुजबुजत कोसळतात. मुलांनाही त्यात गंमत वाटते. एरवी ज्यांना माझं काही ऐकायचं नसतं तीही पुढे झुकून बसतात.

बाहेर वसंत असतो. इथे ऑस्ट्रेलियात येऊन इतकी वर्षं झाली तरी ऑक्टोबरला वसंत म्हणताना माझी जीभ किंचित अडखळते. स्कोफिल्ड्सची आमची वस्ती नवी, त्यामुळे रस्त्याकडेची झाडंही नवी. काठ्यांचे आधार घेऊन उभी असलेली. शाळेच्या आवारात मात्र एक जुना जकारंडा आहे आणि एक त्याहून जुना गम ट्री, म्हणजे निलगिरी. जकारंडाखाली जांभळा सडा पडतो. गम ट्रीवर मॅगपाय पक्ष्यांचं घरटं असतं आणि त्या दिवसांत त्यातला नर खालून जाणाऱ्या कोणाच्याही डोक्यावर झेप घेतो. मुलं दप्तरं डोक्यावर धरून पळतात. आमचे डेप्युटी प्रिन्सिपल, उंचेपुरे आणि टक्कल असलेले, त्या महिन्यात गाडीपासून ऑफिसपर्यंत सायकलचं हेल्मेट घालून चालत येतात आणि सगळ्यांना अत्यंत गंभीरपणे गुड मॉर्निंग म्हणतात. कापलेल्या गवताचा वास, सगळीकडे शिंका, आठ वाजेपर्यंत न मावळणारा उजेड. दिवाळीचा कंदील लावून अंधाराची वाट बघत बसायचं. या दिवसांत मला सगळंच थोडं झोपेतून पाहिल्यासारखं दिसतं.

आज सकाळी टेसा त्या हॉलमध्ये गेली. आज तिचा इतिहासाचा पेपर. पॅसेजमध्ये मुलांच्या रांगेत ती उभी होती, पारदर्शक पिशवीत चार पेनं आणि पाण्याची लेबल काढलेली बाटली घेऊन. बोलायची मुभा नव्हती. टेसाला न बोलता उभं राहणं म्हणजे शिक्षाच. तिने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, मी मान डोलावली आणि ती आत गेली. तीन वर्षांपूर्वी ती नववीत होती, माझ्या वर्गात, अगदी पुढच्या बाकावर, कारण मागे बसवली की मागचे सगळे बोलायला लागायचे. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच कुजबुजीच्या दिवसांत या मुलीने मला माझ्या वडिलांची पत्रं वाचायला शिकवली. तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, अजूनही येत नाही. बाबा आता नाहीत, गेल्या वर्षी गेले. पण त्या वसंतात टेसा गप्प बसली असती तर माझी आणि बाबांची खरी भेट राहूनच गेली असती. हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाबा नाशिकला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे, कालव्यांचे, दरवाजांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचा हात सरळ होता. पट्टी न घेता ते जी रेघ मारायचे तिच्यावर पट्टी ठेवून पाहायचा आम्हा मुलांचा खेळ असायचा, आणि बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "बघा, बघा, पट्टी वाकडी असेल." पत्र लिहायची त्यांची पद्धतही नकाशावाल्याचीच. आपण आधी शब्द लिहितो आणि मग डोक्यावर रेघ ओढतो. बाबा आधी रेघ ओढायचे. शब्द मनात तयार असायचा, तो किती लांब होणार हे त्यांना ठाऊक असायचं. तेवढी रेघ मारायची, थोडी जागा सोडायची, पुन्हा रेघ. अख्खी ओळ अशी मोकळ्या रेघांची आखली जायची आणि मग त्यांना एकेक अक्षर लागायचं. लहानपणी मी टेबलाशी हनुवटी टेकून ते बघत बसायची. रेघ मारून झाली की तिच्याखाली काय येणार ते ओळखायचं, हा माझा एकटीचा खेळ होता.

माझ्या हाताला तो गुण उतरला नाही. कॉलेजात भराभर नोट्स उतरवताना मी रेघ सोडून दिली ती सोडलीच. घाईत आपण बहुतेक सगळेच सोडतो. मराठी माणसाच्या अक्षरावर रेघ नसली की समजायचं, या माणसाला वेळ नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही. त्या साध्या गोष्टीनेच माझा घात केला.

आम्ही ऑस्ट्रेलियाला आलो ते नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे. मी इथे येऊन पुन्हा शिकले, शिक्षिका झाले. दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉल व्हायचा. फोन हा आईचा प्रांत. ती तो असा धरायची की तिची हनुवटी, मागे पंखा आणि एका कोपऱ्यात बाबांचं कपाळ दिसायचं. बाबा "हो, हो, बरं आहे" इतकंच बोलायचे. त्यांचं बोलणं पत्रातून असायचं. महिन्याला एक पत्र, पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत, दोन पानं, कधी तीन. धरणातून पाणी सोडल्याची बातमी, समोरच्या बिल्डिंगची बंद पडलेली लिफ्ट, थंडीने द्राक्षांचं काय झालं, माझ्या मागच्या पत्रातल्या एखाद्या वाक्यावर टिप्पणी. शेवटी नेहमीचं 'काळजी नसावी'. आमच्या पत्रपेटीत जाहिरातींच्या कागदांमधे ते पाकीट दिसलं की मी गाडी तशीच ड्राइव्हवेमध्ये उभी ठेवून ते गाडीतच वाचायची.

मग पत्रं आखूड होत गेली. दोन पानांचं एक झालं, एकाचं अर्धं. रेघा मधे मधे सुटायला लागल्या, पुढे पार गेल्या. मी काय समजले? बाबांना आता वेळ नाही. निवृत्त माणसाला कसला आलाय वेळ नाही, पण मी जात्याच फुगणारी. मला वाटलं, मुलगी लांब गेली, तिला पत्र लिहिणं हे आता एक उरकायचं काम झालं. माझ्यासाठी रेघ ओढण्याइतकीही सवड या माणसाला होत नाही म्हणजे काय! मग मीही उत्तरं लिहायची बंद केली. आईच्या फोनवर 'पत्र मिळालं' एवढं लिहायचं आणि पुढे एक अंगठा. तो अंगठा पाठवताना मला आतून बरं वाटायचं, हेही कबूल करते. वर्षभर मी माझ्या वडिलांना अंगठे पाठवले.

आणि याच काळात मी नववीच्या मुलांना अस्सल साधनं कशी वाचायची ते शिकवत होते.

हे काम मला मनापासून आवडतं. एखाद्या जहाजाच्या प्रवाशांची यादी घ्यायची, कोणा कैद्याचं वर्णन लिहिलेला कागद घ्यायचा, खंदकातून आलेलं एखादं कार्ड घ्यायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे. माझे पाच प्रश्न फळ्यावर कायमचे लिहिलेले असतात. कोणी लिहिलं? कोणासाठी? केव्हा? का? आणि शेवटचा, माझा लाडका: काय लिहिलं नाही? मुलांना मात्र या पाचांचं एकच उत्तर पाठ असतं. "इट्स बायस्ड, मिस." सोर्स कोणताही असो. सैनिकाने आईला लिहिलं की मी मजेत आहे, बायस्ड. गव्हर्नरने लिहिलं, बायस्ड. एकदा मी हवामानखात्याचा तक्ता दिला होता, तर एकाने लिहिलं की हा तक्ता पावसाच्या बाजूने बायस्ड आहे. मी हसून लोटपोट झाले, पण मार्क दिले नाहीत.

दुसरी अडचण इंटरनेटची. कोणताही नावाजलेला कागद दिला की मुलं दोन मिनिटांत त्याचं उत्तर शोधून काढतात. कागदाकडे बघायचंच राहून जातं. मला असा कागद हवा होता की ज्याचं उत्तर जगात कुठेच नाही. एका रविवारी कपाट आवरताना बाबांची पत्रं हाताला लागली आणि मला वाटलं, वा, हेच. मुलांना वाचता येणार नाही अशी लिपी, कुठेही न छापलेला मजकूर. मी पाच पत्रं निवडली, निरनिराळ्या तीन वर्षांतली. प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर केलं. मूळ पत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली, तारखांवर पिवळे चिकटकागद लावले. काम सोपं होतं: पाच टेबलांवर पाच पत्रं, गटागटाने फिरायचं, आणि कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं ते पुराव्यानिशी सांगायचं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्या दिवशी गरम वारा सुटला होता. खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या आणि भिंतीपलीकडे बारावीचा कुठलासा मोठा पेपर चालू होता, म्हणून मुलं मांजराच्या पावलांनी टेबलांभोवती फिरत होती. काचेतून येणारा जांभळट उजेड कागदांवर पडला होता. सव्वीस डोकी माझ्या बाबांच्या अक्षरांवर वाकली होती, आणि ते बघून मला एकाएकी भरून आलं. नाशिकच्या त्या टेबलावरून हे कागद कुठे येऊन पोचले होते.

वर्गात मराठी मुलगी एकच, अन्वी. तिचे आईबाबा पुण्याचे. सगळ्यांनी तिलाच घेरलं.

"तू वाच ना, तुला येतं ना हे?"

"मी शनिवारच्या मराठी शाळेत जाते," अन्वी अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "पण आम्ही अजून 'ट'पर्यंतच आलोय."

मुलं अर्थातच इंग्रजीत बोलत होती. मी ते मराठीत लिहिते आहे म्हणून जरा जास्तच शहाणी वाटतील, तेवढं चालवून घ्यावं.

बाकीचे गट भाषांतराला चिकटून बसले. एकात लिहिलं होतं की थंडी फार पडली आहे, स्वेटर काढले. त्यावर चार गटांनी एकमताने ठरवलं की हे पत्र जुलैमधलं. थंडी म्हणजे जुलै, यात त्यांना शंकाच नव्हती. एका पत्रात दिवाळीचा फराळ होता आणि पुढच्यात पाऊस, मग पाऊस इथला की तिथला यावर हळू आवाजात कडाक्याचं भांडण झालं. मी मधे पडले नाही. चुकू द्यावं, मग कळतं, असा माझा शिकवण्याचा खाक्या आहे.

टेसाच्या गटाने भाषांतराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेसाला मुळात वाचायचा कंटाळा. तिने फिरायचा नियम मोडून पाचही पत्रं एका टेबलावर आणली, ओळीने मांडली आणि हात वर केला. मी जवळ गेले.

"मिस, ही वरची रेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी आहे ना? अक्षरं तिला लटकवायची?"

"हो, तसंच काहीसं."

"मग आम्ही दोरीवरून लावलं." ती कुजबुजते ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते. "यात दोरी एकदम टाइट आहे. यात थोडी सैल. यात मधे मधे तुटलीय. यात दोन-तीन शब्दांवरच आहे. आणि यात दोरीच नाही, सगळे कपडे खाली पडलेत."

मी तारखांवरचे पिवळे कागद काढले. क्रम तंतोतंत बरोबर होता. वर्गाने आवाज न करता टाळ्या वाजवल्या, नुसते हात हवेत हलवून.

"शाब्बास," मी म्हणाले. "फार छान निरीक्षण. आता त्याचा अर्थ सांगते. आमच्या लिपीत माणूस घाईत असला की ही रेघ सोडून देतो. म्हणजे हे लिहिणारा माणूस हळूहळू घाईत लिहायला लागला."

मी हे अगदी सहज म्हणाले. वर्षभर मनात घोकलेलं वाक्य होतं ते.

टेसाने कपाळाला आठ्या घातल्या. "पण मिस, तुम्हीच म्हणता ना, एक पुरावा पुरत नाही, दुसरा शोधा."

"म्हणते."

"मग हे तीन निळे कसे?"

"कुठले तीन निळे?"

तिने शेवटचं पत्र प्लॅस्टिकसकट खिडकीपाशी नेलं. अर्धं पान. वरच्या चार ओळी गडद निळ्या होत्या. त्याखालच्या तीन ओळी फिकट, जांभळ्याकडे झुकणाऱ्या. शेवटच्या दोन बॉलपेनच्या, आणखी वेगळ्या निळ्या. मी ते पत्र वाचलं होतं, त्याचं भाषांतर केलं होतं, शब्दासाठी शब्द शोधला होता. ते तीन निळे मी पाहिले नव्हते.

"हे एका वेळी लिहिलेलं नाही," टेसा म्हणाली. "बसला, उठला, परत बसला, पेन बदललं. घाईतला माणूस एवढंसं लिहायला तीन वेळा बसेल का? आणि हे बघा, प्रत्येक ओळ सुरू मोठ्या अक्षरात होते आणि संपताना बारीक बारीक होत जाते. पहिल्या पत्रात तसं नाही."

मी बघितलं. खरंच तसं होतं. ओळीच्या शेवटाकडे अक्षरं आक्रसून एकमेकांना बिलगली होती.

मुलांना काय कळलं असेल ते असो, पण काहीतरी कळलं होतं. टेसा माझ्याकडे बघत होती, आणि मग ती खरोखरच हळू आवाजात बोलली, आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"इज ही ओके, मिस?"

हे पत्र माझ्या वडिलांचं आहे असं मी वर्गाला सांगितलं नव्हतं. कोणीतरी एक गृहस्थ, भारतातले, एवढंच सांगितलं होतं. माझ्या तोंडावरून तिने काय वाचलं कोण जाणे. भिंतीपलीकडून पर्यवेक्षकांचा आवाज आला, पेनं खाली ठेवा, आणि पाठोपाठ शंभर खुर्च्या सरकल्याचा. माझ्या मागे फळ्यावर माझ्याच अक्षरात पाचवा प्रश्न लिहिलेला होता. मी तो पुसून टाकावा असं मला त्या क्षणी वाटलं.

ज्याला वाचता येतं त्याला अक्षर दिसत नाही. हे मला त्या दिवशी समजलं आणि मग मी ते दर वर्षी मुलांना सांगत आले आहे. अर्थ इतक्या चटकन पुढे येतो की शाई, कागद, हात हे सगळं मागे पडतं. 'प्रकृती ठीक, काळजी नसावी' हे शब्द मी वाचले आणि खुशाल विश्वास ठेवला. सैनिकाने आईला लिहिलेल्या 'मी मजेत आहे'वर विश्वास ठेवू नका म्हणून मुलांना बजावणारी मी. आणि जिथे विश्वास ठेवला नाही, तिथे तरी काय केलं? स्वतःचा रुसवा त्या कागदात कालवून वाचला. बायस्ड कोण होतं ते मला आता विचारूच नये.

शाळा सुटल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून आईला फोन लावला. तिकडे सकाळचे दहा वाजत होते. नेहमीप्रमाणे हनुवटी आणि पंखा.

"आज कसा गं मधेच फोन? बरी आहेस ना?"

"आई, कॅमेरा जरा बाबांच्या हाताकडे फिरव."

"हाताकडे? हे काय भलतंच? चहा पितायत ते."

"मग चहा पिताना दाखव."

फोन खाली गेला, मला घरातली फरशी दिसायला लागली, टेबलाचा पाय, बाबांची एक चप्पल. बराच वेळ मी ती चप्पल बघत बसले. मग आईचा आवाज आला, एकदम थकलेला. कंपवात आहे म्हणाली. दोन वर्षं होत आली. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत. "तू ऐकलंस की सगळं टाकून धावत सुटशील. तुझी नोकरी आत्ता कुठे पर्मनंट व्हायला आली होती. म्हणून मीच म्हटलं, पोरीला कळवायचं नाही."

आणि तिच्या मागून बाबा म्हणाले, "कळलं वाटतं तिला."

त्या आवाजात मला सुटका झाल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं, माझा भास असेल. मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. काचेवर जांभळी फुलं पडत राहिली आणि शेजारून डेप्युटी प्रिन्सिपल हेल्मेट घालून गेले. त्यांनी माझ्याकडे न बघण्याचा मोठा सभ्यपणा केला.

त्यानंतरचे सहा-सात आठवडे मला सलग आठवत नाहीत. पेपर तपासले, रिपोर्ट लिहिले, दिवाळी झाली. रात्री झोप लागायची आणि स्वप्नात ओळीच्या शेवटी अक्षरं बारीक होत जायची. टेसाला मी दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं की ते माझे वडील आहेत आणि ते आजारी आहेत, आणि ती बरोबर होती. तिला वाटलं आपण काहीतरी वाईट केलं. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, अगं, तू मला घरी पाठवते आहेस. तिला ते कळलं की नाही माहीत नाही, पण नंतर महिनाभर ती वर्गात शिरताना विचारायची, "हाउज युअर डॅड, मिस?" आणि मी काहीतरी सांगायची.

शाळेचं वर्ष संपलं त्याच आठवड्यात मी नाशिकला गेले. तिथे डिसेंबर होता, खरा, थंडीचा. बाबा गॅलरीत कोवळ्या उन्हात बसलेले. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा हात, एखाद्या मुलाला थोपटून बसवावं तसा. मी पाया पडले तेव्हा त्यांनी हात उचलला नाही, डोळ्यांनीच आशीर्वाद दिला. मी सव्वा महिना राहिले. त्यांच्या शर्टाची बटणं लावणं, वर्तमानपत्र वाचून दाखवणं, दुपारी शेजारी नुसतं बसणं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांजवळ इतकं बसलो नव्हतो. त्यांच्या बोलण्यातही आता खंड पडायचे, मग मी वाट बघायची. वाट बघण्याची मला सवय नव्हती, ती तिथे लागली.

एका दुपारी आई झोपली होती. बाबांनी विचारलं, "तुला कळलं कसं?"

मी सगळं सांगितलं. पिवळे कागद, जुलैची थंडी, अन्वीचा 'ट', टेसाची दोरी. ते ऐकताना त्यांचा चेहरा मिश्कील होत गेला. तीन निळ्यांपाशी त्यांनी मला थांबवलं.

"तीन नाही, चार होते. सही तुझ्या आईच्या पेनाने केली होती. तुझ्या टेसाचा एक हुकला."

"बाबा, इतका त्रास होत होता तर कशाला लिहीत होता? शेजारच्या कोणाकडून लिहून घ्यायचं. नाहीतर बंद करायचं. मीही कुठे नीट उत्तर देत होते."

खाली रस्त्यावर कोणी सायकलवरून ओरडत गेलं. मग त्यांनी एकेक शब्द जुळवत सांगितलं.

"तुझ्या आईने शपथ घातली होती. मेधाला आजाराचा एक शब्द लिहायचा नाही. मी नाही लिहिला." मांडीवरच्या हाताकडे बघितलं. "पण अक्षर लपवीन, असं काही मी कबूल केलं नव्हतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मला वाटायचं, पोरगी हेच तर शिकवते. आज ना उद्या बघेल. म्हणून लिहीत राहिलो. जितकं वाईट येईल तितकं बरं, असं वाटायला लागलं होतं शेवटी." आणि ते हसले. जन्मभर सरळ रेघ मारलेला माणूस आपल्या वाकड्या अक्षरांबद्दल असं बोलत होता.

म्हणजे मी ज्या पत्रांवर रुसले होते, ती हाक होती. एकेका ओळीसाठी तो माणूस पुन्हा पुन्हा टेबलाशी जाऊन बसला होता, आणि मी त्याला अंगठा पाठवला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता, आणि माझ्या हातात आल्यावरही थांबला नाही.

"बाबा, मला उशीर झाला का हो?"

ते 'नाही' म्हणू शकले असते. आई तेच म्हणाली असती. त्यांनी विचार केला, नेहमी करायचे तसा, मोजून मापून.

"झाला," ते म्हणाले. "पण तू आलीस तेव्हा मी होतो ना."